नदीकाठाने चालायचा आणि सायकलचा एकच मार्ग: नकाशावर रेघ ओढून झाली, पुढे काय?

चालता_बोलता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या नदीला चार वस्त्या लागून आहेत, दोन या काठाला, दोन पलीकडे. एकीतून दुसरीत जायचं तर हमरस्त्याला लागावं लागतं. ट्रकच्या शेजारून सायकल काढायची हिंमत नसेल तर गाडी काढा, दुसरा पर्याय नाही. नदीच्या कडेने हेच अंतर निम्म्यावर येतं. पाणी आटलं की पोरं सरळ पात्रातून ये-जा करतात, ती काही वेडी नाहीत.

तर आम्ही सात-आठ जणांनी मनावर घेतलंय. काठाकाठाने एकच मार्ग, चालणाऱ्यांना आणि सायकलींना मिळून. मोटारसायकल नाही. दोन महिने नकाशा पुढ्यात घेऊन बसलोय. निळ्या रेघेशेजारून हिरवी रेघ ओढली, नऊ किलोमीटर भरली. रेघ इतकी देखणी दिसते की ज्याला दाखवावी तो खूश होतो, आणि कामाची गोष्ट निघाली की खडाजंगी सुरू. रुंदी किती, वर काय अंथरायचं, पूर आला की काय करायचं. कुणी असं काही केलंय का, वापरलंय का, किंवा त्याला विरोध केलाय का? तिन्ही चालेल.

दोनचाकी_भटक्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

तिरपागडा

अजून एक जॉगिंग ट्रॅक. आधी फीत, मग गवत, मग वाहनतळ. शुभेच्छा.

चालता_बोलता

@तिरपागडा, ही भीती आम्हालाही आहे, म्हणून तर विचारतोय. फेरफटका मारायला नाही, पोचायला मार्ग हवाय.

ओव्हरसियर_काका

रस्त्यांच्या कामावर उभी हयात गेली, त्यामुळे लांबण लागेल.

रुंदीपासून सुरू करा, भांडणं तिथूनच होतात. दोन्ही दिशांच्या सायकली आणि माणसं एकाच पट्ट्यावरून जाणार असतील तर तीन मीटर ही खालची मर्यादा समजा. ब्रिटन-अमेरिकेतल्या मार्गदर्शक पुस्तिका साधारण याच आकड्यावर येऊन थांबतात. सायकलींची वर्दळ जास्त असेल तर ब्रिटनची पुस्तिका साडेचार मीटर सांगते. पण हे तीन मीटर मोकळे हवेत. कडेला कठडा किंवा भिंत आली की माणूस आपसूक अर्धा मीटर आत सरकतो. दोन्ही बाजूंना कठडे उभे केलेत की कागदावरचे तीन मीटर जागेवर दोनच उरले. बाक, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे हे सगळं कडेपासून हातभर मागे. बाकावर बसलेल्याचे पाय मार्गात येतात, हे आराखडा काढणाऱ्याला कधीच आठवत नाही.

दुसरं, तुमची ती देखणी हिरवी रेघ. ती निळीला चिकटून असेल तर मला आत्ताच काळजी वाटते. नदी वळणावर बाहेरच्या बाजूचा काठ खाते आणि आतल्या बाजूला गाळ टाकते. बाहेरच्या काठावर मार्ग नेलात तर आज ना उद्या तो पाण्यात जाणार. तिथे सरळ मागे या. दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, करून नदीला दटावायला गेलात तर ती पुढच्या वळणावर वचपा काढते, आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याची जमीन असते.

वर काय अंथरायचं? पाणी चढणार नाही अशा जागी खाली खडी, वर बारीक कच, पाणी मारून रोलरने नीट दाबलेली. हे स्वस्तात होतं, चालणाऱ्याच्या गुडघ्यांना बरं आणि पावसाचं पाणी मुरतं. पण उतारावर आणि पूर येतो त्या जागी ती वाहून जाते, तिथे काँक्रीटच. डांबर सायकलला सगळ्यात गुळगुळीत, पण झाडाजवळून नेलं की मुळं ते खालून उचलतात आणि दर पाच पावलांवर उंचवटा. पेव्हर ब्लॉकचं नावही काढू नका. एक ब्लॉक हलला की शेजारचे चार त्याच्या मागे जातात, आणि सायकलचं पुढचं चाक नेमकं त्या फटीत.

काठावरची

सगळे गृहीत धरून चाललेत की मार्ग झालाच पाहिजे. मी थोडी काडी टाकते.

नदीचा काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. वाळुंज, लव्हाळी, करंज, उंबर यांच्या मुळांनी तो काठ धरून ठेवलाय. बिळांतून राहणारे पक्षी उभ्या मातीच्या काठातच घरटी करतात, तुम्ही तो काठ उतरता करून गवत लावलंत की खंड्याचं घर गेलं. हिरवळ, गुलाब आणि रंगीत दिवे म्हणजे निसर्ग ही समजूत कधी जाणार कोण जाणे.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा चॉन्गेचॉन ओढा सगळ्यांना ठाऊक असतो. २००३ मध्ये त्यावरचा उंच रस्ता पाडायला घेतला आणि २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा काठ लोकांसाठी खुला झाला. फोटो सुंदर येतात. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेलं आहे. तो शहराला मिळालेला छान बगीचा आहे, त्याला जिवंत झालेली नदी म्हणवत नाही.

उलट माद्रिदचं बघा. मान्सानारेस नदीच्या दोन्ही अंगांनी जाणारा एम-३० हा महामार्ग त्यांनी जमिनीखाली घातला, वर माद्रिद रिओ नावाचं उद्यान केलं, ते २०११ मध्ये पूर्ण झालं. तिथेही नदी आधी बांधांनी अडवलेली, तळ्यासारखी निपचित. मग २०१६ मध्ये बांधांची दारं उघडून पाणी वाहतं केलं. पात्रात आपोआप वाळूची बेटं तयार झाली, झुडपं आली, पक्षी परतले. लोक चालतायत, सायकली चालवतायत, आणि नदी तिचं काम करतेय. म्हणजे दोन्ही जमतं, पण आधी नदीला विचारायचं आणि मग लँडस्केपवाल्याला.

माझ्या अटी तीनच. एका वेळी एकच काठ घ्या, समोरचा मोकळा सोडा. पाण्याच्या कडेचा झाडोरा तोडू नका, मार्ग त्याच्या मागून न्या. नदी सतत दिसलीच पाहिजे असं नाही, अधूनमधून दिसली की जास्त गोड वाटते. आणि रात्रभर पांढरे दिवे नकोत.

तिन्हीसांज

@काठावरची, पहिल्या दोन अटींना अनुमोदन. तिसरीवर थांबा.

मी कामावरून परत येते तेव्हा दिवस मावळलेला असतो. दिवे नसलेला मार्ग माझ्यासाठी वर्षातले कित्येक महिने बंदच आहे. मग हा 'सगळ्यांसाठी' कसा? आणि नुसत्या दिव्यांनीही भागत नाही. आमच्याजवळ असाच एक काठमार्ग आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आठ फुटी कुंपण, दीड किलोमीटर कुठेही बाहेर पडायला वाट नाही. समोरून कोण येतंय ते लांबून दिसतं, पण दिसून करणार काय? मागे फिरायचं तर तेच अंतर. एकदा दोघं जण सायकली आडव्या लावून उभे होते. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी हमरस्त्यानेच जाते. ट्रक परवडले.

काठावरची

हे वाचून गप्प झाले. दिव्यांचं मागे घेते, पण पूर्ण नाही. नेदरलँड्समध्ये न्यूकूप भागातल्या एका वसाहतीत रस्त्यावर तांबडे दिवे लावलेत, कारण वटवाघळांना त्या रंगाचा त्रास कमी होतो आणि माणसाला दिसायला पुरतो. दिवे बुटके, झोत फक्त खाली, आणि मध्यरात्रीनंतर मंद. एवढ्यावर तडजोड?

तिन्हीसांज

चालेल. पण कुंपणाला दारं हवीत. दर दोनतीनशे पावलांवर बाहेर पडता आलं पाहिजे.

दोनचाकी_भटक्या

आलो. रुमाल उचलतो.

काठमार्गांवर बरीच सायकल मारली आहे, तर दोन-तीन गोष्टी.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठचा पासाऊ ते व्हिएन्ना हा टप्पा तीनशे किलोमीटरच्या वर जातो. पहिल्यांदा सायकल घेऊन बाहेर पडलेलं कुटुंबही तो करतं, इतका सोपा. सोपा का? तर नदीकाठाला चढ नसतो. पूर्वी घोडे लावून बोटी प्रवाहाविरुद्ध ओढत, त्या घोड्यांची वाट आयती होती. बऱ्याच भागात दोन्ही काठांनी मार्ग आहे आणि मध्येमध्ये छोट्या नावा सायकलीसकट पलीकडे सोडतात. तुमच्या वस्त्या दोन्ही काठांना आहेत म्हणालात, म्हणून हे सांगतोय. काठाने कितीही लांब मार्ग केलात तरी तो एकाच काठाची माणसं जोडतो. पलीकडे कसं जाणार, ते मूळ धाग्यात कुठेच दिसलं नाही.

आता इंग्लंडच्या थेम्स नदीची गोष्ट, ती मला फार आवडते. थेम्स पाथ ही जवळपास तीनशे किलोमीटरची पायवाट १९९६ मध्ये अधिकृतपणे खुली झाली. तीही बोटी ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेवर. पण ती वाट एका काठाने सरळ जातच नव्हती. एखादा जमीनदार म्हणे, माझ्या बागेतून घोडे नकोत, की वाट पलीकडे. घोडा नावेत घालायचा आणि समोरच्या काठावर उतरवायचा. बोटी ओढायचं काम संपलं, हळूहळू नावाही बंद पडल्या, आणि वाट जागोजागी नदीशी येऊन उभी. हर्ली गावाजवळ टेम्पल या ठिकाणी चालणारी नाव १९५३ मध्ये बंद झाली. तिथे पायपूल झाला १९८९ मध्ये. छत्तीस वर्षं दोन्ही बाजूंना वाट होती, मध्ये फक्त नदीच्या रुंदीएवढी वाट नव्हती.

अवांतर: थेम्स पाथवर सायकल सगळीकडे चालत नाही, बराच भाग फक्त चालणाऱ्यांचा आहे. 'एकच मार्ग' हे सुरुवातीलाच ठरवा, नंतर सायकलींना आत घेणं अवघड जातं.

तिरपागडा

छत्तीस वर्षं. आमच्याकडे तेवढ्यात तीन वेळा उद्घाटन झालं असतं.

पण मुद्दा मान्य.

पाणलोट

पुराचं कुणीच बोललं नाही म्हणून आलो.

ब्रिस्बेनमध्ये २००३ साली नदीवर तरंगणारा चालण्या-सायकलचा मार्ग केला होता. काठावर जागा नव्हती, मग पाण्यावरच. पाणी चढलं की मार्ग वर, उतरलं की खाली. कल्पना झकास. जानेवारी २०११ च्या पुरात तो तुटला आणि त्याचा भलामोठा तुकडा प्रवाहाबरोबर निघाला, खाली पूल होते. एका टगबोटीने त्याला ढोसत ढोसत पुलांपासून वाचवून समुद्राकडे नेलं. २०१४ मध्ये तो मार्ग पुन्हा बांधला, पण या वेळी पक्क्या खांबांवर उंच, आणि चालणाऱ्यांची व सायकलींची पट्टी वेगळी करून.

दरवर्षी पूर येणार हे धरूनच आखणी करा. काही भाग बुडणार असेल तर बुडू द्या, फक्त तो असा बांधा की पाणी ओसरल्यावर धुऊन परत वापरता येईल. पॅरिसमध्ये सीनच्या उजव्या काठचा मोटारींचा रस्ता २०१६ मध्ये बंद करून माणसांना दिला. जानेवारी २०१८ मध्ये नदी चढली तेव्हा काठ पाण्याखाली होता, पाणी उतरल्यावर पुन्हा खुला. कुणी त्याला अपयश म्हटलं नाही.

आणि कठडे! पुराच्या पट्ट्यात आडव्या गजांचे कठडे लावले की ओंडके, झुडपं, प्लास्टिक सगळं त्यात अडकतं, त्याची भिंत होते आणि पाण्याचा सगळा रेटा त्या भिंतीवर. कठडा जातो, जाताना खालचं काँक्रीटही उखडून नेतो. लागेल तिथेच कठडा, तोही आडवा पाडता येईल किंवा काढून ठेवता येईल असा. विजेच्या पेट्या पुराच्या पातळीच्या वर.

गाळाबद्दल अनुभवाचं सांगतो. ओला आहे तोवर तो फावड्याने आणि पाण्याच्या फवाऱ्याने दोन-तीन तासांत निघतो. पाणी उतरत असतानाच मागे मागे ढकलत गेलं तर नदीच तो घेऊन जाते. चार दिवस ऊन खाऊ दिलं की त्याची पापडी होते, खाली चिकट, वर टणक, आणि मग कुदळ. मी दोन्ही केलंय. पहिल्या वर्षी 'अधिकृत माणसं' येण्याची वाट बघत बसलो, दुसऱ्या वर्षी आम्ही बारा जण पहाटेच फावडी घेऊन गेलो. बांधकामाच्या खर्चाआधी फावडी कोण धरणार ते लिहून घ्या.

मळेकरी

मी तुमच्या त्या हिरव्या रेघेखालचा माणूस. म्हणजे तुमच्या नदीवरचा नव्हे, पण माझी जमीनही नदीला लागूनच आहे आणि तिच्यावरूनही अशीच रेघ गेलेली आहे.

मला कुणी विचारायला आलं नाही. नकाशा दुसऱ्याच्या मोबाइलवर बघितला. मोटरघर, पाइप, गुरांची पाण्यावर जायची वाट, सगळ्यावरून रेघ. मग मीही बैठकीला जाऊन आडवा झालो. लोक म्हणाले आडमुठा आहे. असेन.

खरं सांगायचं तर मला वाटेचं वाकडं नव्हतं. भीती वेगळी होती. उघडं टाकलेलं फाटक, पिकात शिरलेलं कुत्रं, पाइपवरून सायकल गेली की फुटणार, कुणी घसरून पडलं तर माझ्यावर येणार, आणि वीस वर्षांनी ही वहिवाट आहे म्हणून जमीनच जाणार. या पाचांपैकी एकाचंही उत्तर कुणाकडे नव्हतं. नंतर एक बाई एकट्या आल्या, वही घेऊन. माझ्याबरोबर बांधावरून चालल्या. पाइप जमिनीखाली घ्यायचं, गुरांना ओलांडायला एक जागा ठेवून तिथे सायकलवाल्यांना थांबायची पाटी लावायची, जमीन माझीच राहणार, फक्त जाण्यायेण्याची परवानगी लिहून द्यायची आणि कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची तेही त्याच कागदावर. वाट तीस पावलं सरकली. मी सही केली.

तुम्ही आधी रेघ दाखवून खूश करताय ते बंद करा. ज्याच्या जमिनीवरून जाते तो रेघ बघून खूश होत नाही.

चालता_बोलता

@मळेकरी, वाचून कान तापले. आम्ही नेमकं हेच केलंय. किती जमीनमालक लागतात ते मोजलंसुद्धा नव्हतं.

ओव्हरसियर_काका

मळेकरींना दंडवत. जोडून एक: काठावर पूररक्षक बांध असेल तर त्याच्या माथ्यावर देखभालीची वाट बहुधा असतेच. जपानमध्ये आराकावासारख्या नद्यांचे लांबच लांब सायकलमार्ग असेच बांधावरून आणि बांधाच्या पायथ्याने जातात. अशी जमीन सहसा आधीच सरकारी असते, बांध पुराच्या वर असतो, आणि देखभालवाल्यांनाही वाट वापरात राहिलेली बरी. तुमच्या नऊपैकी किती किलोमीटर बांधावर येतात, ते आधी काढा.

पलीकडे जायचं कसं, तर नवा पूल हा शेवटचा उपाय. आधी जुने पूल बघा. अमेरिकेत पोर्टलंडमध्ये १९१२ चा रेल्वेचा स्टील ब्रिज आहे, त्याच्या खालच्या मजल्याला २००१ मध्ये बाजूने पायवाट जोडली आणि दोन्ही काठांची फेरी पूर्ण झाली.

दोनचाकी_भटक्या

कोरियाचा राहिला. इंचॉन ते बुसान असा बहुतेक नदीकाठांनी जाणारा ६३३ किलोमीटरचा सायकलमार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. वाटेत लाल टेलिफोन बूथसारख्या खोपट्या आहेत, आत शिक्का ठेवलेला, आपण आपल्या वहीवर मारून घ्यायचा. मोठी माणसंसुद्धा शिक्क्यासाठी दहा किलोमीटर जास्त जातात!

काठावरची

आणि तो ज्या प्रकल्पातून झाला त्यात चार मोठ्या नद्यांवर सोळा बंधारे घातले, पाणी साचून शेवाळ माजलं, त्यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत, हेही सांगा की. सायकलमार्ग हा त्या बंधाऱ्यांचा देखणा चेहरा होता.

दोनचाकी_भटक्या

खरंय. शिक्के मारताना कुणी ते सांगत नाही. मीही विचारलं नव्हतं.

घंटानाद

सायकलवाल्यांनी घंटा वाजवावी की नाही? मागून अचानक ट्रिंग केलं की आमचे बाबा दचकून नेमके सायकलच्याच बाजूला सरकतात.

तिरपागडा

वाजवली तर उद्धट, न वाजवली तर बेदरकार. सायकल विका.

ओव्हरसियर_काका

माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो, सायकल पंधरा-वीसने. भांडण या फरकाचं आहे. कॅलिफोर्नियात अमेरिकन रिव्हर पार्कवेच्या पन्नासेक किलोमीटरच्या मार्गावर एक साधा नियम आहे. सायकली उजवीकडून, चालणाऱ्यांनी डाव्या कडेने चालायचं, म्हणजे आपल्या बाजूची सायकल समोरून येते, मागून दचकवत नाही. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे हेच उलटं करायचं. गर्दीच्या ठिकाणी मात्र नियम पुरत नाही, तिथे पट्ट्या वेगळ्याच हव्यात.

संपादक

घंटेवरचे पुढचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे मनसोक्त भांडा.

उंबरठा

तीन दिवस वाचतेय. सगळे मार्गाबद्दल बोलताय, मी मार्गापर्यंत कसं यायचं ते विचारते.

आईची चाकखुर्ची ढकलते मी. आमच्या घरापासून नदीकाठचा मार्ग हाकेच्या अंतरावर आहे. मार्ग उत्तम आहे, गुळगुळीत, रुंद, सावली. आई तिथे एकदाच गेली, चौघांनी उचलून. कारण खाली उतरायला पायऱ्या आहेत. बावीस. आणि पायऱ्या नाहीत त्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकली अडवायला लोखंडी चक्री फाटक बसवलंय. त्यातून मोटारसायकल तिरकी करून जाते, मी रोज बघते. खुर्ची जात नाही. बाबागाडी जात नाही. तीनचाकी हातसायकल जात नाही. पुढे सामानाची पेटी असलेली सायकलही अडकते.

ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स या संस्थेने आपल्या सायकलमार्गांच्या जाळ्याची तपासणी केली, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला, त्यात असले अडथळे १६,००० च्या वर निघाले. सगळे कुणीतरी चांगल्या हेतूनेच बसवलेले. दोन खांबांत दीड मीटर जागा सोडली तर मोटार अडते आणि बाकी सगळे जातात. मोटारसायकल त्यातूनही जाईल, पण ती चक्री फाटकातूनही जातेच आहे, मग आईला का अडवायचं?

उताराचा हिशेब काकांनी तपासावा. विसाला एक असा सौम्य उतार धरला तर तीन मीटर खाली उतरायला साठ मीटर लांबी लागते. बाराला एक धरला तरी छत्तीस, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. ही जागा कुठून येणार, हे शेवटी आठवतं, आणि तोवर तिथे कुणाचं तरी घर किंवा नाला असतो. म्हणून पायऱ्या.

तुमच्या रेघेला नऊ किलोमीटर लांबी आहे. तिला दारं किती आहेत?

ओव्हरसियर_काका

हिशेब बरोबर आहे. बाराला एकवर खुर्ची ढकलणाऱ्याचाही दम निघतो, शक्यतो विसाला एकच धरा. वर वळण देऊन दुहेरी उतार करता येतो, म्हणजे साठ मीटर तीसच्या जागेत बसतात.

आणि बाई, मी आयुष्यात असल्या बावीस पायऱ्या दोनदा बांधल्या आहेत. आराखड्यात होत्या म्हणून बांधल्या.

तिन्हीसांज

उंबरठा, मी कुंपणाला दारं मागत होते ती आणि तुम्ही मागताय ती एकच आहेत बहुतेक.

तिरपागडा

माझा जॉगिंग ट्रॅकचा प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण त्याचं कारण आज कळलं. गाडीने येऊन, गाडी लावून, चालून, गाडीने परत जायचं, कारण दार फक्त वाहनतळापाशी. मग तिथे वस्ती जोडली जाईल कशी?

चालता_बोलता

आठवडाभराने येतोय. माफ करा.

उंबरठांचा प्रश्न वाचून आमच्या गटात आधी शांतता, मग नेहमीची खडाजंगी, मग एकजण म्हणाला की चला, करूनच बघू. शेजारच्या आजोबांची चाकखुर्ची मागून आणली, आजोबा स्वतःच बसायला तयार झाले. पहिल्या वस्तीच्या शेवटच्या घरापासून निघालो, नदीपर्यंत सरळ जायचं. मार्ग वगैरे काही नाही अजून, फक्त नदीपर्यंत.

चाळीस पावलं. तिथे नाल्यावरची मोरी, तिच्या दोन फरशांमध्ये चार बोटं फट. खुर्चीचं पुढचं छोटं चाक त्यात बसलं ते बसलंच. आम्ही चौघं ओढतोय, आजोबा शांतपणे म्हणाले, "मी इथूनच बघतो रोज." तिथून नदी दिसत होती. या रस्त्याने मी शाळेच्या वयापासून जातोय, ती फट मी आजवर पाहिलेली नव्हती.

मग उरलेल्या तीन वस्त्यांतूनही असंच गेलो. दुसरीत उतार आहे पण पाणी साचून चिखल. तिसरीत वाट एका गोठ्यातून जाते, गोठ्याच्या मालकांशी बोललो, ते म्हणाले माणसं जातातच की, सायकली गेल्या तर काय, फक्त गाई बांधायच्या वेळेला नको. चौथीत हमरस्ता ओलांडल्याशिवाय नदी गाठताच येत नाही, म्हणजे तिथला खरा प्रश्न नदीकाठाचा नाहीच.

जमीनमालक मोजले. तेवीस. त्यांतल्या चौदांना भेटून झालं, नकाशा न नेता. तिघांनी साफ नाही म्हटलंय. दोघं 'बाकीचे काय म्हणतात ते बघू' या पंथातले. सगळ्यात मोठी अडचण दोन नंबरच्या वळणावर आहे, जिथे काका म्हणाले तसा काठ खरंच खचलाय, कुंपणाचा एक खांब हवेत लोंबकळतोय. तिथे मागे सरकायचं तर नाही म्हणणाऱ्या तिघांपैकीच एकाच्या जमिनीतून.

हिरवी रेघ पुसली. आता नकाशावर चार ठिपके आहेत, चार वस्त्यांच्या चार उतारांचे, आणि ओलांडायच्या जागेवर प्रश्नचिन्ह. पहिल्या टप्प्यात नऊ किलोमीटर नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या वस्तीमधला दीड किलोमीटर, त्यातला बराचसा बांधावरून, आणि दोन्ही टोकांचे उतार. मोरीची फट त्याच्याही आधी.

काठावरची

झाडोऱ्याच्या मागून?

चालता_बोलता

मागूनच. खंड्याचं बीळ कुठे आहे ते आजोबांनी दाखवलं.

मळेकरी

त्या तिघांपैकी वळणावरच्या माणसाकडे आधी जा. एकटे जा. पाइप कुठून जातो ते त्यालाच विचारा आणि वही न्या.

पाणलोट

फावड्यांची यादी केली का?

चालता_बोलता

अकरा नावं झालीत.

ओव्हरसियर_काका

मोरीच्या फटीला नुसता सिमेंटचा गिलावा मारू नका, पावसाळ्यात निघेल. फरशा उचलून खालची बैठक नीट करून परत बसवा. अर्ध्या दिवसाचं काम. लेव्हल मी घेऊन येतो, कुठे यायचं ते निरोपात कळवा.

उंबरठा

आजोबांना सांगा, खुर्चीची पुढची चाकं मोठी घालून मिळतात. तोवर फट बुजेल.